मंगळवार-शुक्रवारची ओपीडी

१३ जुलै, रविवार

आज विहारात वाचताना माझ्या बायकोची, मित्राची जीभ अडखळली.

वर्षावास सुरू झाला की रोज संध्याकाळचं ग्रंथवाचन तीच करते. पंतनगरातल्या आमच्या विहारात कित्येक वर्षं हा मान तिचाच. शाळेत गणित शिकवून आवाज कमावलेला, माईक बंद पडला तरी मागच्या सतरंजीपर्यंत पोचतो. आज मात्र एकाच ओळीवर ती परत परत आली. मग एक शब्द तोंडातून निघता निघेना. पुढे बसलेल्या शांताबाईंनी पाण्याचा पेला सरकवला. मित्राने ग्रंथ मिटला आणि म्हणाली, "बीपी वाढलंय वाटतं."

रिक्षात ती माझ्यापासून लांब, कडेला बसली. तोंडात लवंग होती. लवंगेच्या मागे दुसरा वास होता. तो मला ओळखू येणार नाही असं कसं होईल?

घरी आलो. तिने भात लावला, मी माझं नेहमीचं घेतलं आणि विचार करत बसलो. हल्ली ही बाटली फार पचपचीत लागते. नाक्यावरचा दुकानदार भेसळ करतो की काय, विचारायला हवं.

१५ जुलै, मंगळवार

ती शाळेत गेल्यावर स्वयंपाकघर धुंडाळलं. बायकोचे डबे उघडताना आपण चोर आहोत असं वाटतं. तांदळाच्या डब्यामागे खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या होत्या. वास घेतला. औषध नव्हतं.

तिथेच स्टुलावर बसून राहिलो. टेलिफोन खात्यात माझं आयुष्य केबल जोडण्यात गेलं. लाईन कुठे तुटली ते जमिनीवरून ओळखायचो. आणि घरात हे कधी सुरू झालं, पत्ता नाही.

तिची आई शेवटची दोन वर्षं आमच्याकडे अंथरुणावर होती. सकाळी शाळा, मग आईचं सगळं, रात्रीचं जागरण. तेव्हा एकदा मीच मित्राला म्हटलं होतं, घोटभर घे, झोप लागेल. लागलीही होती. पण ते औषध म्हणून दिलेलं. आई जाऊन वर्ष उलटलं. बाईमाणसाला पुढे ते चालू ठेवावंसं कसं वाटतं, हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

बाटल्या होत्या तशा ठेवल्या.

१९ जुलै, शनिवार

नानाकडे. नाना म्हणजे माझा खात्यातला जोडीदार, मूळचा मालवणचा, आता विक्रोळीत कन्नमवारनगरला एकटाच राहतो. दर शनिवारी आमची बैठक असते. आज सहज म्हणून विषय काढला, की एका दोस्ताची बायको पिते, त्याने काय करावं?

नाना माझा ग्लास भरत होता. तो थांबलाच. "बाईलमाणूस पिता? मग वाट लागली मरे त्या घराची! पोरंबाळं आसत?"

"एक मुलगी. लग्न झालंय तिचं."

"देवा रे," म्हणाला आणि माझा ग्लास आणखी भरला.

मी विषय बदलला. नाना वाईट माणूस नाही. पण त्याच्यासमोर मित्राचं नाव घ्यायचं धाडस झालं नाही. रिक्षा मिळेना, चालत आलो. पाय थोडे जड झाले होते. मित्रा जागी होती, पण दिवा बंद करून पडली होती.

२१ जुलै, सोमवार

आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. पंधरा वर्षांची ओळख. आडून आडून सांगितलं. ते हसले. "वहिनी? छे हो. अशक्तपणा असेल." बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं.

मग मोबाईलवर "व्यसनमुक्ती केंद्र" शोधलं. पहिल्याच नंबरावर एका माणसाने उत्साहाने उचलला. पेशंट कुठे आहे, वजन किती, दंगा करतो का, असं विचारलं. म्हणाला, "पत्ता पाठवा, आमची चार पोरं गाडी घेऊन येतील, झोपेतून उचलतील. तीन महिने बाहेरचं तोंड दिसणार नाही, एकदम झकास होऊन येईल."

म्हटलं, "पेशंट बाई आहे. शिक्षिका आहे."

"लेडीज?" तो जरा थांबला. "बघू, करू काहीतरी. पत्ता तर पाठवा."

फोन ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर ती चार पोरं आणि मित्राची चप्पल आली. तो नंबर ब्लॉक केला. त्याने पुन्हा पुन्हा फोन केला असता तर?

२४ जुलै, गुरुवार

मी माझ्या पद्धतीने करून पाहिलं. मंगळवारी सकाळी त्या दोन बाटल्या मोरीत ओतल्या आणि रिकाम्या करून जागच्या जागी ठेवल्या. तिने पाहिल्या असणार.

काल दुपारीच ती शाळेतून परत आली. घामाने ब्लाऊज भिजलेला. फळ्यावर वर्तुळ काढता आलं नाही म्हणाली. हात इतके थरथरत होते की चहाची बशी वाजत होती. मी पंखा लावला, लिंबूपाणी दिलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वयंपाकघरात निघून गेलो.

संध्याकाळी मी भाजी आणून परत आलो तेव्हा थरथर थांबली होती. कशी थांबली ते विचारलं नाही. जेवायच्या आधी माझं घ्यायला कपाट उघडलं. ओतलं तर रंगच नाही. सगळं पाणी. दुकानदाराला उगाच दोष दिला इतके दिवस.

म्हणजे ती माझ्याच बाटलीतून घेते.

आता बाटली घरात ठेवायची नाही असं ठरवलं. खाली स्कूटरच्या डिकीत ठेवली. मला जरा गैरसोय होईल, पण तिच्यासाठी एवढं करायलाच हवं.

२६ जुलै, शनिवार

सरकारी हेल्पलाईनचा नंबर सापडला. एका मुलीने उचलला, आवाज तरुण, घाई नाही. एकदम बंद केली हे ऐकल्यावर ती गंभीर झाली. "काका, असं करायचं नाही. रोज घेणाऱ्याची अचानक तोडली तर फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या औषधाखाली सोडवतात." मला मोरीत ओतलेल्या त्या बाटल्या आठवल्या.

तिने सांगितलं, भरती व्हायलाच हवं असं नाही. आपल्याच भागातल्या पालिकेच्या हॉस्पिटलात मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी व्यसनमुक्तीची ओपीडी असते. पेशंट येतो, औषध घेतो, बोलतो आणि घरी जातो. नोकरी चालू ठेवता येते.

त्या हॉस्पिटलावरून मी कितीदा गेलोय. तिथल्या लायनीसुद्धा मी जोडल्यात.

नानाकडे जायला उशीर झाला, पण गेलो.

२९ जुलै, मंगळवार

आधी एकटाच जाऊन बघून आलो. केस पेपरच्या खिडकीत बाईने मोठ्याने विचारलं, "व्यसनमुक्ती? पेशंट कुठाय?" मागे रांग. मी म्हटलं, "चुलतभाऊ आहे, आला नाही."

पहिल्या मजल्यावर टोकाला खोली. बाहेर लाकडी बाक, बाकावर आठ-दहा माणसं, सगळे पुरुष, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आत माधुरी मॅडम म्हणून समुपदेशक आहेत. चाळिशीच्या, कॉटनची साडी, टेबलावर डबा उघडा. "भात खात खात ऐकलं तर चालेल ना? सकाळपासून उठलेच नाहीये."

मी चुलतभावाची हकीकत सांगितली. वय, किती घेतो, कधीपासून. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "घरात आणखी कुणी घेतं?"

"नाही. म्हणजे मी आपला, शनिवारी दोस्ताकडे. ते धरू नका."

"बरं," म्हणाल्या आणि ते लिहून घेतलं. धरू नका म्हटल्यावर लिहायचं कशाला?

निघताना म्हणाल्या, "भावाला सांगा, पकडून आणत नाही आम्ही कुणाला. स्वतःहून आलं तर बरं. आणि भाऊ नसून कुणी बाई असेल तरी या. इथे बायका कमी येतात, पण येतात."

मी जिन्यातून उतरेपर्यंत कान तापलेले होते.

३० जुलै, बुधवार

सांगितलं.

दुपारभर मनात वाक्यं जुळवत होतो. ती वह्या तपासत बसली होती. सगळी जुळवलेली वाक्यं गेली. म्हटलं, "मित्रा, मी काल हॉस्पिटलात जाऊन आलो. तुझ्यासाठी."

तिचं लाल पेन थांबलं. "कधी कळलं तुम्हाला?"

"विहारात, त्या दिवशी."

"त्या दिवशी?" ती हसली, पण ते हसू नव्हतं. "मला वाटलं होतं उन्हाळ्यातच कळेल. मी दारातल्या दारात पडले होते, आठवतंय? तुम्ही झोपला होता."

मला आठवत नव्हतं.

मग बराच वेळ तिने वह्या तपासल्या. गठ्ठा संपवला, दोरी बांधली. "मला कुठे भरती करणार असाल तर मी येणार नाही. नववीची चाचणी आहे."

"भरती नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी, शाळा सुटल्यावर."

"तिथे कुणी भेटलं तर? घाटकोपरात अर्धे पालक माझे आहेत."

"मग सांग, नवऱ्याला घेऊन आलेय म्हणून."

हे मी चेष्टेत म्हटलं. तिने नजर वर करून माझ्याकडे बघितलं. थोड्या वेळाने म्हणाली, "पाचवं शील, दारू न पिण्याचं, ते म्हणताना मी ओठ नुसते हलवते. कधीपासून ते माझं मला माहीत."

आत गेली. पाण्याचा नळ बराच वेळ चालू होता.

१ ऑगस्ट, शुक्रवार

गेलो. तिने डोक्यावरून स्कार्फ घट्ट गुंडाळला होता. रांगेत पुढच्या माणसाने मागे वळून पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. "नमस्कार मॅडम." आठवीतल्या कुठल्याशा मुलाचे वडील. मित्रा म्हणाली, "नमस्कार." दोघांनीही एकाच वेळी मान फिरवली. मग त्याने आपली जागा तिला दिली. तिने घेतली. स्कार्फ काढून पिशवीत ठेवला.

माधुरी मॅडमनी मला पाहिलं, मित्राला पाहिलं, केस पेपरवरचं "चुलतभाऊ" खोडलं आणि काही विचारलं नाही. मित्राला आत घेऊन तासभर बोलल्या. मी बाहेर.

डॉक्टर तरुण आहेत. रक्त तपासायला सांगितलं, गोळ्या दिल्या. थरथर होऊ नये म्हणून काही दिवसांच्या, आणि व्हिटॅमिनच्या. गोळ्या पेशंटने स्वतःकडे ठेवायच्या नाहीत. "दाखल करायची गरज दिसत नाही," ते म्हणाले, "पण घरी लक्ष ठेवणारं कुणी हवं. दारू न घेणारं."

"मी आहे ना," मी मोठ्याने म्हटलं.

मित्राने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

५ ऑगस्ट, मंगळवार

तीन रात्री ती झोपली नाही, पण फिट वगैरे काही नाही. सकाळी दोन घास खाल्ले. गोळ्या मी माझ्या हाताने देतो. शाळेतून रजा घेतली आठवड्याची, "व्हायरल" सांगून.

संध्याकाळी मी खाली जरा पाय मोकळे करायला जातो. घरात तिच्यासमोर बसवत नाही. जिना चढून आल्यावर ती म्हणते, "आलात?" आणि खिडकी उघडते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

शांताबाई घरी आल्या होत्या. विहारात आता दुसरीच एक मुलगी वाचते, फार भरभर वाचते म्हणे. मला भीती की काही विचारतील. त्यांनी मित्राचा हात हातात घेतला. "बीपी काय, सगळ्यांच्या घरात असतं गं बाई. आमच्या ह्यांना होतं, त्यातच गेले. तू औषध घेतेयस ना? मग झालं. बरी झालीस की ये. मागे बस, पुढे बस, कुठेही बस."

त्या गेल्यावर मित्रा रडली. मी पाठीवर हात ठेवला. तिने तो काढला नाही, पण मान वळवून म्हणाली, "तुम्ही आता खाली जाणार असाल ना? जा."

तिला माझी दगदग कळते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज ग्रुप होता. गोलात अकरा पुरुष आणि मित्रा. मी दारातून पाहत होतो. पहिल्यांदा सगळे शाळेत आल्यासारखे ताठ बसले. एक रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, तुम्हाला बघून मला गृहपाठ राहिल्यासारखं वाटतंय." मित्रा म्हणाली, "माझाही राहिलाय." सगळे हसले. ती हसली. मी तिचं असं हसणं कधी ऐकलं होतं शेवटचं, ते आठवत उभा राहिलो.

शाळेत पुन्हा रुजू झाली आहे. चहात तीन चमचे साखर घालते. रंग सुधारलाय.

२३ ऑगस्ट, शनिवार

ऐरोलीहून दीप्तीचा फोन. मित्राने स्वतःच लेकीला सगळं सांगून टाकलेलं. दीप्ती मला म्हणाली, "पप्पा, आई खूप हिमतीची आहे. मला माहीत होतं कधीपासून, बोलायची हिंमत मला नव्हती. आणि तुमचं काय?"

"माझं काय? माझी तब्येत उत्तम आहे."

ती म्हणाली, "बरं पप्पा."

नानाकडून आलो तर मित्रा दीप्तीच्या जुन्या खोलीत झोपलेली. उशी-चादर घेऊन. सकाळी विचारीन म्हटलं. इतकं सगळं मी करतोय, आणि हे!

२ सप्टेंबर, मंगळवार

विचारलं नाही. ती त्याच खोलीत झोपते. म्हणते, "वासाने मला जाग येते." मी काही तिच्यासमोर घेत नाही, हे तिला दिसत नाही का?

बाकी उत्तम चाललंय. माधुरी मॅडमनी मलाही कुटुंबीयांच्या बैठकीला बोलावलं होतं. गेलो नाही. तिथे रडारड असते.

७ सप्टेंबर, रविवार

दुपारी झोपून उठलो तर ती घरात नाही. बाजारात गेली असेल म्हटलं. खाली उतरलो. पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरला टेकून फरशीवर बसली होती. डिकी उघडी. चावी हातात. बाटली संपत आलेली.

वॉचमन लांब तोंड फिरवून उभा होता. त्याने तेवढी अब्रू राखली.

तिला वर आणली. जिन्यात कोण कोण भेटलं, मी पाहिलं नाही. मी खूप बोललो. इतकं करून, इतके हेलपाटे घालून, लोकांचं ऐकून. ती भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मला माहीत होतं ती कुठे आहे. रोज माहीत होतं. रोज तुम्ही खाली गेलात की मी इथे बसून, तुम्ही वर येईपर्यंत गणितं घालत होते. आज तुम्ही झोपला होता."

९ सप्टेंबर, मंगळवार

तिला ओपीडीला नेलं. तिने स्वतःच डॉक्टरांना सांगितलं. कुणी ओरडलं नाही. डॉक्टर म्हणाले, "आलात ना परत? हे महत्त्वाचं. पुन्हा सुरू करू." मी अपेक्षा केली होती की कुणीतरी तिला समजावेल.

म्हणून मी माधुरी मॅडमना वेगळं भेटलो. तक्रारच केली म्हणा. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "बाटली कुणाची होती?"

"माझी. पण प्रश्न तो नाहीये."

"रोज खाली जाता तुम्ही?"

"रोज म्हणजे... पाय मोकळे करायला."

"एक काम करा. या शुक्रवारपर्यंत जाऊ नका. नुसतं बघायला, जमतं का. त्रास झाला तर लगेच इकडे या."

न जमायला काय झालं? राग आला मला. खात्यात छत्तीस वर्षं एक मेमो नाही माझ्या नावावर. हॉस्पिटलातून आलो आणि डिकी रिकामी करून स्कूटर धुतली. आजपासून बंद. मनावर घेतलं की होतं, हे मित्रालाही दिसू दे.

११ सप्टेंबर, गुरुवार

व्हायरल झालाय बहुतेक. दोन रात्री झोप नाही. बनियन पिळून काढावा इतका घाम. जेवण समोर आलं की मळमळतं. वीज मंडळाचा माणूस आला होता, सही करताना पेन सरळ चालेना.

मित्राने कपाळाला हात लावला. ताप नाही म्हणाली. "उद्या माझ्याबरोबर चला." मी म्हटलं, व्हायरलला तिथे कशाला? ती म्हणाली, "चला तर."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज तिने मला हाताला धरून नेलं.

नंबर तिचा होता. आत गेल्यावर ती खुर्चीवर बसली नाही. मला बसवलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काका, दोन्ही हात पुढे करा. बोटं पसरा."

केले. बोटं नाचत होती. मी जोर लावला, तशी आणखीच. टेलिफोनच्या केबलमध्ये केसासारख्या तारा असतात, रंग ओळखून एकेक जोडायची. त्याच बोटांनी जोडायचो मी. आता ती माझ्या समोर होती आणि माझं ऐकत नव्हती.

"शेवटची कधी घेतली?"

"सोमवारी संध्याकाळी."

"त्याच्या आधी?"

मी मित्राकडे पाहिलं. वाटलं, ती सांगेल. ती जमिनीकडे बघत होती. ती सांगणार नव्हती. तिच्याबद्दल मी किती जणांना सांगितलं होतं, चुलतभाऊ म्हणून, दोस्ताची बायको म्हणून, आणि ती माझ्याबद्दल अजून कुणाला एक शब्द बोलली नव्हती.

"रविवारी," मी म्हटलं. "आणि शनिवारी. रोजच घेतो मी, डॉक्टर."

बोलल्यावर खोलीत काहीच झालं नाही. पंखा फिरत होता. डॉक्टरांनी नवा केस पेपर घेतला, माझं नाव आणि वय लिहिलं. मित्राने माझे दोन्ही हात तिच्या हातांत धरले. तिचे हात अजिबात हलत नव्हते.

गोळ्या कुणाकडे ठेवायच्या असा प्रश्न आला तेव्हा डॉक्टर जरा गोंधळले. माधुरी मॅडम म्हणाल्या, "ह्यांच्या त्यांच्याकडे, त्यांच्या ह्यांच्याकडे." सगळ्यांनाच हसू आलं. मलासुद्धा.

२० सप्टेंबर, शनिवार

नानाकडे गेलो, संध्याकाळी नाही, सकाळी. त्याने ग्लास काढायच्या आधीच सांगितलं. "नाना, तो दोस्त म्हणजे मी. आणि मीही औषध घेतोय आता."

नाना आपल्या गुडघ्यांकडे बघायला लागला. "मी त्या दिवशी भलतंच बोललंय तुझ्या बायलेबद्दल."

"तू बोललास. मी ऐकून घेतलं, हे जास्त वाईट."

"म्हणजे आता शनिवार बंद?"

शनिवारी संध्याकाळी माणसं काय करतात, हे मला खरंच माहीत नाही. म्हटलं, "चहा करतोस?" त्याने केला. दूध फाटलेलं होतं. तसाच प्यालो. निघताना तो दारापर्यंत आला नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

चिडचिड होते. काल मीठ कमी म्हणून ताट सरकवलं. मित्रा म्हणाली, "मला तिसऱ्या आठवड्यात असंच व्हायचं. तेव्हा तुम्ही म्हणाला होता, नाटकं करते." मी म्हणालो होतो का? असेन.

संध्याकाळी पायांना जिन्याची ओढ लागते. मग आम्ही दोघं बाहेर पडतो, गारोडियानगरपर्यंत चालतो आणि परत येतो. फारसं बोलत नाही. एकदा तिने विचारलं, "आई गेली त्या दिवशी तुम्ही कुठे होता?" मी नानाकडे होतो. सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का, ते बघायचं होतं." पुढे सगळा रस्ता आम्ही तसेच चाललो. तिने हात सोडला नाही, पण धरलाही नाही नीट.

सगळं एका गोळीने मिटणार नाही, हे मला आता कळतंय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज ओपीडीत गर्दी होती. मित्रा आत होती. मी बाहेर बाकावर.

जिन्याच्या वरच्या पायरीवर एक जोडपं येऊन थांबलं. तिशीतला मुलगा, शर्ट इस्त्रीचा, डोळे तांबारलेले. बरोबरची मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी. तो म्हणत होता, "मला काय झालंय? तू म्हणतेस म्हणून आलो. पाच मिनिटं बघेन आणि जाईन." बाकावर जागा होती, पण तो बसेना.

मुलगी माझ्याजवळ आली. हळूच विचारलं, "काका, इथेच ना ती... मंगळवार-शुक्रवारची? आत ओरडतात का हो?"

"नाही. मॅडम डबा खात खात ऐकतात. ओरडत नाही कुणी."

तिला जरा धीर आला. बंद दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा शर्ट, चष्मा, पिकलेले केस, मांडीवरची मित्राची पर्स. "तुम्ही कुणाला घेऊन आलात?"

तो मुलगाही ऐकत होता, तिकडे तोंड करून. जुलैत मी याच बाकावर "चुलतभाऊ" म्हटलं असतं. आजही जीभ जराशी तिकडे वळली, खोटं कशाला लिहू.

"कुणाला नाही," मी म्हटलं. "आम्ही दोघंही पेशंट आहोत. बायको आत आहे. तिच्यानंतर माझा नंबर."

मी पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि सरकून बसलो. मुलगी बसली. थोड्या वेळाने तोही येऊन तिच्या पलीकडे टेकला.